शॅमेलिऑन घेताय? आधी या चुका टाळा

शॅमेलिऑन म्हणजे रंग बदलणारा सरडा. तो पाळायला घेतलेली नवी मंडळी दर वर्षी मला फोन करतात आणि वाक्य जवळजवळ तेच असतं : "काका, शॅमेलिऑन आणलाय. एकदम गरीब आहे, हातावर तासभर हलतही नाही." ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. हातावर तासभर न हलणारा शॅमेलिऑन गरीब नसतो. तो एकतर घाबरून थिजलेला असतो, नाहीतर आजारी.

कायद्याचं आधी मिटवू. कुंपणावर बसून मान खालीवर करणारा, विणीच्या दिवसांत गळा लाल होणारा तो साधा बागेतला सरडा. तो शॅमेलिऑन नव्हे आणि घरात आणायचाही नव्हे. आपल्या देशातला खरा शॅमेलिऑन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. "रानात सापडला, स्वस्तात देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. पाळण्यासाठी विकले जातात ते मुख्यतः येमेन-सौदीकडचा व्हेल्ड आणि मादागास्करचा पँथर. दोन्ही 'साइट्स' या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांसाठी आपल्या कायद्यात वेगळी अनुसूची आली आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची नोंद सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याला दिला, मेला, तरी कळवावं लागतं. विकणारा "कागद मागाहून देतो" म्हणाला, तर सरडाही मागाहूनच घ्या.

रंगाला भुलणे

ही सगळ्यात मोठी चूक. यावर मी जरा जास्त बोलणार.

चवथीला गोव्यात फोंड्याकडच्या एका घरी गणपतीला गेलो होतो. त्या घरच्या मुलाने नुकताच व्हेल्ड नर आणला होता. आल्यागेल्याला दिसावा म्हणून पिंजरा थेट देवाच्या खोलीत, माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळांच्या मांडवीच्या, कडेला मांडलेला. वर नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, आंबाडे. खाली अगरबत्ती आणि धुपाचा धूर. आरतीला घुमट आणि शामेळ ही वाद्यं सुरू झाली, खोली दणाणली, आणि पिंजऱ्यातला हिरवा सरडा बघता बघता काळपट पडला. अंगावर पिवळे पट्टे उठले, शरीर दोन्ही बाजूंनी चेपल्यासारखं चपटं झालं, गळा फुगला, तोंड उघडून तो फुसफुसला आणि फांदीवर मागे-पुढे डोलायला लागला. पोरांनी टाळ्या पिटल्या. मुलाचे वडील कौतुकाने मला म्हणाले, "भाऊ, बघा, आरतीला कसा नाचतो!"

तो नाचत नव्हता. "माझ्यापासून लांब राहा" हे एवढ्या स्पष्टपणे दुसरा कुठला प्राणी सांगत असेल मला माहीत नाही. पिंजरा आतल्या खोलीत नेऊया म्हटलं, तर यजमानांचा चेहरा पडला. गणपती पाच दिवसांचा, पाहुणे अजून यायचे होते! विसर्जन झालं आणि पाठोपाठ मुलाचा फोन आला : खात नाही, डोळे अर्धे मिटून बसतो, समोर रातकिडा सोडला तरी जीभ बाहेर येत नाही.

उपाय काय केला? औषध वगैरे काही नाही. पिंजरा वापरात नसलेल्या खोलीत नेला, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच ठेवला, तीन बाजूंनी चादर लावली. पाणी फवारायला एकच माणूस जाणार, बाकी कोणी डोकावायचंही नाही. मुलाला हे औषधापेक्षा कठीण गेलं. बऱ्याच दिवसांनी त्याने पहिला किडा खाल्ला. तगला, पण तो काही माझ्या हुशारीने नाही. मुळात धट्टाकट्टा होता म्हणून तगला.

पाठीमागे जे असेल तसा रंग तो घेतो, हा गैरसमज अजून जात नाही. पँथरच्या कातडीत ग्वानिन नावाच्या द्रव्याचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. त्यांच्यामधलं अंतर बदललं की त्यांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो. हे जिनिव्हाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं. हे अंतर बदलतं ते भीतीने, रागाने, मादी किंवा प्रतिस्पर्धी दिसला म्हणून. ऊन घ्यायचं असलं तर तो नुसताच गडद होतो. त्यामुळे मोबाइल पुढे करून "आता रंग बदल" म्हणणारा माणूस खरं तर त्याला छळत असतो.

दुकानातही याच चुकीचं दुसरं रूप दिसतं. पाच पिल्लांत एक निमूटपणे बोटावर चढतं, बाकीची फुसफुसतात. नवखा हटकून ते निमूट पिल्लू उचलतो. मी फुसफुसणारं घेतो. हात जवळ नेल्यावर जे फुगतं, फांदी घट्ट धरतं, सरकन फांदीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन लपतं, त्याच्यात जीव आहे. मग बाकीचं बघायचं : डोळ्यांचे बुरुजासारखे उंचवटे भरलेले आणि सतत फिरते हवेत, खोल गेलेले नकोत. पुढचे पाय सरळ हवेत, वाकलेले असतील तर हाडं कॅल्शियमअभावी मऊ झाली आहेत. विष्ठेतला पांढरा भाग पांढराच हवा, नारिंगी दिसला तर पाणी कमी पडतंय. आणि समोर खाऊन दाखव म्हणा. खात नसलेलं पिल्लू "प्रवासाने थकलंय" या सबबीवर घरी नेऊ नका.

जातीजातीत स्वभाव वेगळा आहे, पण "प्रेमळ" जात एकही नाही. व्हेल्ड नर तापट, पँथर त्यामानाने मवाळ. जॅक्सन सगळ्यात शांत म्हणतात ते खरं, पण तो केनिया-टांझानियाच्या डोंगरांतला, त्याला गार रात्री लागतात. आपल्या मे महिन्यात त्याला ठेवायचं म्हणजे रात्रभर एसी. गोव्यात त्याच्या वाटेला जाऊ नका. आणि हातात घ्यायचाच सरडा हवा असेल तर सरळ बिअर्डेड ड्रॅगन बघा. शॅमेलिऑन हा बघायचा प्राणी आहे, आणि तोही थोडा लांबून.

पुस्तकातला पाऊस आणि गोव्यातला पाऊस

हा प्राणी वाटीतलं साठलेलं पाणी सहसा ओळखतही नाही, पानांवरचे थेंब चाटतो. एवढं वाचून लोक फवारणीचं यंत्र आणतात आणि परदेशी व्हिडिओत सांगितलं म्हणून दिवसातून पाच वेळा चालवतात. अहो, तो माणूस हीटर लावलेल्या कोरड्या खोलीत बसून बोलतोय! आपल्याकडे जुलैत चामड्याच्या चपलेला बुरशी येते. काचेची टाकी, त्यात उबदार कोंडलेली हवा आणि वर सतत फवारा, म्हणजे छातीच्या संसर्गाला आमंत्रण. मान वर करून तोंड उघडं ठेवतो, तोंडाशी चिकट बुडबुडे दिसतात, श्वासाला टिकटिक आवाज येतो. ही लक्षणं दिसली तर घरगुती उपाय करत बसू नका.

माझी सवय साधी आहे. चारी बाजूंनी जाळीचा पिंजरा, मोठ्या नराला किमान दोन फूट लांब-रुंद आणि चार फूट उंच. पावसाळ्यात पहाटे एकदा भरपूर फवारायचं आणि पानं पूर्ण वाळेपर्यंत परत हात लावायचा नाही. तळाला पाणी साठू द्यायचं नाही. खिडकी उघडी, पण वाऱ्याचा झोत थेट नाही. यंत्राचा टायमर लावून निश्चिंत होणारे मला पटत नाहीत. पानाला बोट लावून बघायला मिनिटही लागत नाही.

उष्णतेचंही तसंच. उन्हात बसायच्या जागी व्हेल्डला तीस-बत्तीस अंश पुरतात. एप्रिल-मेत आपली खोलीच तेवढी तापते, तरी लोक दिवसभर हीट बल्ब जाळतात. तो बंद करा. यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांची, ट्यूब मात्र बंद करू नका, कारण खिडकीच्या काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही. ट्यूब उजेड देत राहते, पण तिच्यातलं यूव्हीबी ती विझण्याच्या बरंच आधी उतरतं, म्हणून ती वेळेवर बदला. सकाळचं कोवळं ऊन दिलंत तर उत्तमच, पण जाळीच्या पिंजऱ्यात आणि अर्ध्या भागात सावली ठेवून. काचेची टाकी बाल्कनीत उन्हात ठेवणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

आणखी काही

दोघांना एका पिंजऱ्यात ठेवू नका. "जोडी छान दिसते" हे कारण नाही.

पहिलाच असेल तर नर घ्या. व्हेल्ड मादी नराशिवायही अंडी घालते, एका खेपेला वीस-तीस सहज आणि कधी त्याहून बरीच जास्त. खणायला ओलसर मातीचं खोल भांडं मिळालं नाही तर अंडी पोटात अडकून ती मरते. व्हेल्ड नराच्या मागच्या पायाच्या टाचेला लहानशी गाठ असते, अंड्यातून बाहेर येतानाच. दुकानात तेवढं बघून घ्या, विक्रेत्याच्या "नरच आहे हो" वर जाऊ नका.

रस्त्याच्या दिव्याखालचे किडे पकडून घालू नका, त्यांच्यावर काय फवारलंय कोणास ठाऊक. पावसाच्या तोंडावर अंगणात काजवे होतात, ते तर मुळीच नकोत. काजव्यांतल्या विषाने पाळीव सरडे मेल्याच्या नोंदी आहेत. पोसलेले रातकिडे किंवा दुबिया झुरळं, वर कॅल्शियमची पावडर, बस्स. व्हेल्ड पानंही खातो. परसातली जास्वंद फवारणीशिवायची असेल तर फुलापानासकट द्या, आवडीने खातो.

मुंग्या. याबद्दल कुणीच सांगत नाही. उरलेल्या किड्यांच्या वासाने रात्री रांग लागते आणि झोपलेला सरडा कुठे पळणार? स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, जुन्या घरांत फडताळाला ठेवायचे तसे. वाट्यांतलं पाणी रोज बदला, नाहीतर डास होतील, आणि मग तुम्ही त्याच खोलीत कॉइल लावाल. तेही चालणार नाही.

आणि सरडा आणण्याआधी सरपटणारे प्राणी तपासणारा पशुवैद्य शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर पुष्कळ, याचे मोजके. दिवसाढवळ्या डोळे मिटलेले दिसले की त्याच दिवशी न्यायचा. शेवटची विष्ठा स्वच्छ डबीत घालून बरोबर न्या, डॉक्टर तीच आधी मागतात. "दोन दिवस वाट बघू" म्हणून सोमवारी मला फोन करू नका.