टायर बदलताना या चुका टाळा

टायर घेताना बहुतेकांची नजर दोनच ठिकाणी जाते: किमतीवर आणि नक्षीवर. मीही तसाच फसलो होतो. चार टायर स्वस्तात पडले, नक्षी कोरी करकरीत. घरी येऊन बाजूवरचा आकडा वाचला तेव्हा कळलं, की माल सहा वर्षांपूर्वीचा आहे. रबर नुसतं पडून राहिलं तरी कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर घसरू लागतं. 'डीओटी'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पूर्ण आकडा टायरच्या एकाच अंगाला असतो, त्यामुळे तो गाडीखालच्या बाजूला गेला असेल तर वाकून शोधावा लागतो. म्हणून टायर रिमवर चढण्याआधीच वाचून घ्या.

थंडीची गोष्ट वेगळी. तापमान साधारण ७ अंशांखाली गेलं की उन्हाळी टायरचं रबर ताठरतं, मग बर्फ नसला तरी ब्रेक उशिरा लागतो. हिवाळी टायर अशा वेळी मऊ राहतात, पण तेच उन्हाळ्यातही चालवले तर भराभर झिजतात आणि ब्रेकचं अंतर वाढतं, म्हणजे वाचवलेले पैसे तिथेच जातात. बारमाही टायर ही तडजोड आहे. सौम्य थंडीत ती चालते, पण बर्फाळ भागात माझा तरी तिच्यावर भरवसा नाही. खरेदी करताना तीन शिखरं आणि हिमकण असलेली खूण शोधा, ती बर्फावरच्या चाचणीनंतरच मिळते. नुसतं 'एम प्लस एस' लिहिण्यासाठी तशी चाचणी लागत नाही.

सगळ्यात महागात पडणारी काटकसर म्हणजे फक्त पुढच्या चाकांना हिवाळी टायर लावणं. पुढचा भाग रस्ता धरून राहतो आणि वळणावर मागचा भाग बाहेर फेकला जातो. हिवाळी टायर चारही चाकांना लावा. इतर वेळी दोनच नवे टायर परवडत असतील तर ते मागे बसवा. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही! पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ लागते आणि वेग कमी करून ती सावरता येते. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते.

मापासोबतचा '९१ व्ही' हा मजकूर दुकानदार अनेकदा सांगत नाही. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो भार, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरची मर्यादा. स्वस्त पर्यायात भाराचा आकडा गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा कमी असेल तर तो टायर घेऊच नका.

आता घासलेला टायर काय सांगतो ते पाहा. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी होती. मधला पट्टा झिजला तर जास्त. एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन आणि दिशा, बिघडलंय, नवा टायरही तसाच जाईल. नवे टायर लावल्यावर ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी बॅलन्सिंग, म्हणजे चाकाच्या वजनाचा समतोल, तपासा.

हवा टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. टायरच्या अंगावर छापलेला दाब हा कमाल दाब असतो. तापमान १० अंश सेल्सिअसने उतरलं की दाब जवळपास दीड ते दोन पीएसआय घटतो, त्यामुळे थंडी सुरू होताच पुन्हा मोजा, आणि डिकीतली स्टेपनीही.