डॉग पार्क आखायचा तर आधी पाण्याला वाट द्या

जागा ठरली, महापालिकेचं पत्र हातात आलं, हे धरून चालते. पार्काचे दोन भाग करा: एक मोठ्या कुत्र्यांचा, एक १० किलोच्या आतल्यांचा. जाळी ५ फूट, बुडाशी काँक्रीटची पट्टी, नाहीतर उकरून बाहेर पडतात. दार दुहेरी, म्हणजे एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. कण्हेर आणि सायकस अजिबात नको, दोन्ही विषारी.

खरं काम जमिनीचं. ‘छान लॉन लावा’ असं सांगणाऱ्याने पावसाळ्यातला डॉग पार्क पाहिलेला नसतो. माझा पहिला पार्क काळ्या मातीवर होता. फेब्रुवारीत कार्पेट लॉन अंथरलं आणि जूनअखेर दाराशी घोटाभर चिखल झाला. कुत्री दारात घोटाळतात, मग जाळीच्या कडेकडेने धावतात. तिथे गवत टिकतच नाही. एका लॅब्राडॉरच्या बोटांमध्ये चिखल वाळून दगडासारखा बसला होता, बिचारी पुढचा पाय टेकवत नव्हती. त्यात साचलेल्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार) पसरतो, कुत्र्यांना आणि माणसांनाही.

म्हणून मे महिन्यातच फूटभर खड्डा खणून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर वरची ९ इंच माती काढायलाच हवी. कोकणातल्या जांभ्यावर बहुधा एवढी वेळ येत नाही. मग दारापासून दूर जाणारा उतार द्या, १० मीटरला २० सेंटिमीटर. उताराच्या टोकाला चर खणून त्यात जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) अंथरा, वर खडी आणि छिद्रांचा पाइप, आणि कापड वरून दुमडून घ्या. खर्च वाचवायला हे कापड वगळायला सांगतील, ऐकू नका. माती खडीत शिरते आणि चर बुजतो.

काढलेल्या मातीच्या जागी मुरूम दोन थरांत टाका, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवा. एकदम ओतलेला मुरूम वरून घट्ट दिसतो आणि पहिल्याच पावसात खचतो, तेव्हा त्या दिवशी स्वतः उभं राहा. दाराशी खरखरीत काँक्रीट करा, कडेची मीटरभर पट्टी मुरमाचीच ठेवा. बाकीच्या जागेत चार इंच पोयटा पसरून हरळी लावा. तुडवली तरी ती पुन्हा फुटते. उघडी खडी नको, पंजे सोलतात. प्लॅस्टिकचं गवतही नको, ते उन्हात चटके देतं आणि लघवीचा वास धरतं.

हरळी लावण्याआधी वरच्या टोकाला टँकर रिकामा करा. अर्ध्या तासाने फिरून जिथे डबकं दिसेल तिथे चुन्याने खूण करा, मुरूम भरा, पुन्हा रोलर फिरवा. ठेकेदाराचं शेवटचं बिल यानंतरच.

नळ, सावली, पिशव्या आणि रेबीजच्या लशीचा फलक शेवटी आठवड्याभरात होतो. हरळी जूनमध्ये लावली असेल तर दार ऑगस्टअखेरच उघडा, उद्घाटनाची कोणी कितीही घाई केली तरी.