सुपरहिरोचा सिनेमा मुलांना दाखवण्याआधी

पोस्टरवर रंगीबेरंगी पोशाख दिसला म्हणजे सिनेमा पोराटोरांचाच, असं धरून चालू नका. २०२४ चा ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ भारतात ‘ए’ प्रमाणपत्राचा होता. म्हणजे अठराच्या आतल्यांना थिएटरात प्रवेशच नाही, आईवडील सोबत असले तरी. म्हणून तिकीट काढण्याआधी प्रमाणपत्र बघा. ‘यूए’ म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या प्रमाणपत्रात आता ७+, १३+ आणि १६+ असे तीन गट आहेत, पण ती पालकांसाठी नुसती सूचना असते, निर्णय तुम्हालाच घ्यायचा असतो.

मग आयएमडीबी या सिनेमांच्या माहितीच्या वेबसाइटवरचं ‘पॅरेंट्स गाइड’ उघडा. हिंसा, शिव्या, नशा, नग्नता असं तिथे वेगवेगळं दिलेलं असतं (कथेतली गुपितंही फुटतात, त्याला इलाज नाही). मारामाऱ्या किती आहेत हे मोजत बसू नका. घाव बसल्यावर कॅमेरा कुठे वळतो आणि त्या क्षणी सिनेमा आपल्याला हसवतोय का, ते बघा. रोबोंची फौज चिरडणं वेगळं. ‘डेडपूल’च्या या भागात सुरुवातीलाच सांगाड्याची हाडं शस्त्रासारखी वापरून माणसं मारली जातात, तीही गाण्याच्या तालावर. तेरा-चौदाच्या मुलांना मी हे दाखवणार नाही. सोळा-सतराच्यांना घरी, सोबत बसून, कदाचित.

नकार द्यायचा असेल तर मित्रांचा बेत ठरायच्या आत द्या. आणि ओटीटीवरच्या तुमच्या प्रोफाइलला पिन लावा, नाहीतर महिन्या-दोन महिन्यांनी तोच सिनेमा मोबाइलवर बघितला जाईल.