वजन का वाढले, हे कसे शोधावे

आहार बदलण्यापूर्वी वजन नेमके कधीपासून वाढू लागले, हे जुने फोटो आणि डॉक्टरांचे कागद समोर ठेवून ठरवावे, कारण कारणाचा पहिला धागा बहुधा तिथेच सापडतो. भारतीयांसाठी बीएमआय (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) २३ च्या पुढे गेल्यास वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा मानतात. कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, तर स्त्रियांसाठी ८० आहे. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध धरावी. पँटच्या नंबरावर विसंबू नये. सुटलेल्या पोटाखाली पट्टा केव्हाच सरकलेला असतो.

वाढ वर्षानुवर्षे सावकाश झाली असेल, तर आधी स्वयंपाकघराचा हिशेब मांडावा. चौघांच्या घरात तेलाचा पाच लिटरचा कॅन महिन्यात संपत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल, म्हणजे ३४० किलोकॅलरी येतात, आणि त्यात बाहेरचा वडापाव धरलेलाच नाही. अपुरी झोप आणि रात्रपाळी यांनीही भूक वाढते.

वजन काही महिन्यांतच झपाट्याने वाढले असेल, तर औषधांची यादी तपासावी. प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड), ओलान्झापिन (मानसिक आजारावरचे), सोडियम व्हॅल्प्रोएट (फिट्सवरचे), इन्सुलिन यांनी वजन वाढू शकते. सांधेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांतही कधी कधी स्टेरॉइड मिसळलेले असते. मात्र कोणतेही औषध मनाने बंद करू नये, कारण स्टेरॉइड एकाएकी थांबवणे जिवावर बेतू शकते.

थायरॉइडवर खापर फोडण्याची आपल्याकडे सवयच आहे. टीएसएच (थायरॉइडचे काम दाखवणारी रक्तचाचणी) जरूर तपासावे, पण थायरॉइड मंदावल्याने सहसा मोजकेच किलो वाढतात आणि त्यातही बराच भाग शरीरात साठलेल्या पाण्याचा असतो. पाळी अनियमित असून हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओएसची (अंडाशयाशी निगडित हार्मोनचा विकार), आणि हातपाय बारीक राहून पोटावर रुंद जांभळे पट्टे उमटले, तर कुशिंग विकाराची (शरीरात कॉर्टिसोल हे हार्मोन जास्त होणे) तपासणी करावी.

आनुवंशिकतेचा वाटा बहुतेकांत अनेक जनुकांच्या लहानलहान परिणामांतून येतो. २००७ मध्ये लठ्ठपणाशी संबंध उघड झालेले एफटीओ त्यांपैकीच एक. एमसी४आर किंवा लेप्टिन यांसारख्या एकाच जनुकातील दोषाची शंका मात्र मूल पाच वर्षांचे होण्याआधीच कमालीचे खादाड आणि स्थूल झाले, तरच घ्यावी. मुलांच्या बाबतीत वजनासोबत उंचीही नोंदवत जावी: जास्त खाण्याने लठ्ठ झालेले मूल सहसा वयाच्या मानाने उंच असते, म्हणून वजन वाढत असताना उंची खुंटली, तर हार्मोनच्या तज्ज्ञांना लगेच दाखवावे.