उपग्रहाच्या चित्रातले ढग वाचताना या चुका टाळा

पावसाळा आला की एक चित्र व्हॉट्सॲपवर हमखास फिरतं: कोकणपट्टीवर पांढराशुभ्र पट्टा आणि खाली ‘मुंबईवर मोठं संकट’. बहुतेक वेळा ते इन्फ्रारेड, म्हणजे उष्णतेच्या अदृश्य किरणांनी टिपलेलं चित्र असतं, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

इन्फ्रारेडमध्ये पांढरा रंग पाणी दाखवत नाही, थंडी दाखवतो. वादळी ढगांच्या माथ्यावरून पसरलेले बर्फकणांचे सिरस ढग १२ ते १४ किमी उंचीवर असतात. त्यांचं तापमान उणे ५० अंशांच्याही खाली जातं. चित्रात ते झगझगीत दिसतात, पण खाली थेंबही पडत नाही. उलट समुद्रावरून येऊन घाटाला धडकणारे पावसाळी ढग पुष्कळदा पाच-सहा किमीच्या वर चढत नाहीत. चित्रात मळकट राखाडी, आणि इकडे रुळांवर पाणी! रंगीत चित्रातला लाल रंगही तापमानाचाच असतो. शेजारची रंग-तापमानाची पट्टी आधी वाचा.

मग ओळखायचं कसं? हवामान खात्याच्या साइटवर इन्सॅट या आपल्या हवामान उपग्रहाची दर अर्ध्या तासाची चित्रं मिळतात. तीन-चार तासांची चित्रं ओळीने चालवून पाहा. पावसाळ्यात खालचा वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, तर १४-१५ किमीवर जोरदार पूर्वेचा. घाटाकडून समुद्राकडे सरकतोय तो थर वरचा. समुद्राकडून येतोय तो खालचा, छत्री त्याच्यासाठी. शंका उरली तर कुलाबा किंवा वेरावलीच्या रडारचं चित्र लावून बघा. पावसाच्या थेंबांचा पत्ता रडारच देतं.

वेळ बघताना फसू नका. चित्रावर ०९०० यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहिलं असेल तर आपल्याकडे दुपारचे अडीच. साडेपाच तास मिळवायचे. जुनं चित्र ‘आत्ताचं’ म्हणून फिरतं ते असंच. दृश्य प्रकाशाचं चित्र रात्री काळंच येणार, त्याचा अर्थ आकाश निरभ्र असा नाही.

जागेचीही गंमत आहे. इन्सॅट विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किमी उंचीवर असतो, म्हणून मुंबईकडे तो तिरकस पाहतो. १५ किमी उंच ढगाचा माथा चित्रात सुमारे ६ किमी उत्तरेकडे सरकलेला दिसतो. दादर ते कुर्ला एवढा फरक. इन्फ्रारेडचा एक पिक्सेलच ४ किमीचा, तेव्हा ‘आमच्या गल्लीवर ढग’ हे त्यात शोधू नका.

आता विचित्र आकार. नासाच्या वर्ल्डव्ह्यू या उपग्रहचित्रांच्या साइटवर ढग सुरीने कापल्यासारखा दिसला तर ती जोडाची रेघ असते: टेरा उपग्रहाच्या लागोपाठच्या दोन फेऱ्यांत सुमारे ९९ मिनिटांचं अंतर, तेवढ्यात ढग पुढे गेलेला. मधली काळी पाचर म्हणजे न टिपलेली जागा. अरबी समुद्रावरचा चंदेरी पट्टा धुकं नसून पाण्यावरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश असू शकतो. तो किनाऱ्याशी तुटतो आणि दुसऱ्या दिवशी जागा बदलतो. ढगांच्या भोवऱ्यांची दुहेरी माळ, म्हणजे कारमान भोवरे, मात्र खरी. पण त्यासाठी सखल ढगांचा सपाट थर लागतो आणि त्यातून डोकं वर काढणारं उंच बेट, कॅनरी किंवा जेजूसारखं. आपल्या घारापुरीच्या टेकड्या त्याला पुरत नाहीत.