डाळमिलमधला तुकडा: साइन चार्ट कसा लावावा

तूरडाळीतला तुकडा, म्हणजे फुटलेल्या डाळीचं प्रमाण, शून्याच्या खाली जात नाही, वर मात्र कोरडी तूर लागली की सुसाट जातो. अशा एका बाजूला कललेल्या आकड्यांवर तीन सिग्माचा तक्ता (सरासरीच्या दोन्ही बाजूंना तीन प्रमाण विचलनांवर मर्यादा) लावला, तर कधी खालची मर्यादा ऋण येते, कधी उगाच इशारे येतात. मध्यकापासूनच्या अंतरांना क्रमांक देणारा विलकॉक्सन श्रेणी-चार्टही नको. त्याला आकडे मध्यकाच्या दोन्ही बाजूंना सारखे पसरलेले लागतात. साइन चार्ट फक्त मध्यकाच्या वर किती नमुने आले ते मोजतो, त्याला मध्यक (निम्मे नमुने ज्याच्या खाली येतात तो आकडा) पुरतो.

रोल (तूर सोलणारा फिरता दंडगोल) नीट चालू असताना, एकाच जातीच्या आणि सारख्या ओलाव्याच्या तुरीचे किमान 200 नमुने मोजून मध्यक काढा. इथे काटकसर महागात पडते. 60 टक्के नमुने ज्याच्या खाली येतात असा आकडा चुकून मध्यक ठरला, तर खोटा इशारा सरासरी 512 ऐवजी सुमारे 163 पाळ्यांतच येतो.

पाळीत 10 नमुने घ्या, मध्यकाच्या वर किती ते मोजा. 0 किंवा 10 आले तर इशारा. पाचच नमुने घेतले तर दर सोळाव्या पाळीला खोटी बोंब, मग चार्टकडे कुणी बघत नाही.

खरी गोची नमुना घेण्यात आहे. भरलेल्या कट्ट्यात वरून हात घालू नका. हलवाहलवीत बारीक तुकडा तळाला जातो आणि वरची डाळ देखणी दिसते. पडत्या धारेखाली भांडं या काठापासून त्या काठापर्यंत फिरवून 100 ग्रॅम घ्या. दहाही नमुने एका दमात नकोत, पाळीभर पसरा. लागोपाठचे नमुने एकमेकांसारखेच निघतात आणि दहाच्या दहा एकाच बाजूला पडतात.

याहून वाईट म्हणजे दोन रोलचा माल एकत्र करून पाच-पाच नमुने घेणं. एक रोल जास्त फोडतो, दुसरा कमी. मोजणी कायम पाचाच्या आसपास. चार्ट इतका शांत दिसला की समजा, काहीतरी दडलंय. प्रत्येक रोलला वेगळा चार्ट, यात तडजोड नाही.

काटा 1 ग्रॅमचा असेल तर बरेच नमुने मध्यकावरच बसतील. 0.01 ग्रॅमचा काटा घ्या. तरीही बरोबरी झाली तर नाणं उडवा. नमुना गाळाल तर 9 उरतात आणि खोटे इशारे दुप्पट होतात.

10 आले तर आधी तुरीचा ओलावा, मग रोलचा दाब बघा. 0 आले तर पेढे वाटण्याआधी चाचणीची चाळणी उजेडात धरा. भोकं बुजली असली की तुकडा वरच राहतो आणि मोजणीत येत नाही.