अमेरिकेतील आरोग्य विम्यातून मुलासाठी बोलके उपकरण कसे मिळवावे

अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी घरांत ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा अन्य कारणाने मूल तोंडाने बोलू शकत नाही, तेथे स्पीच थेरपिस्ट कधी ना कधी ‘स्पीच जनरेटिंग डिव्हाइस’ सुचवतात. पडद्यावरच्या चित्रावर बोट ठेवले, किंवा हात चालत नसतील तर नुसती नजर रोखली, की हे उपकरण तो शब्द मोठ्याने उच्चारते. किंमत हजारो डॉलरांत जात असल्याने पुष्कळ पालक विम्याकडे अर्जही न करता माघार घेतात. ही माघार घेऊ नये, यासाठीच हे लिहीत आहे.

मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा केंद्र सरकारचा आरोग्य विमा, २००१ पासून या उपकरणाला टिकाऊ वैद्यकीय साधन मानते, म्हणजे चाकाच्या खुर्चीच्याच वर्गात बसवते. मेडिकेडवर, म्हणजे मुख्यतः कमी उत्पन्न असलेल्यांसाठीच्या सरकारी विम्यावर, २१ वर्षांखालील मुलांना वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक ते उपचार व साधने पुरवण्याचे बंधन आहे. नोकरीतून मिळणारा खासगी विमा मेडिकेअरच्या नियमांना बांधलेला नसला, तरी अनेक कंपन्या त्यांचाच कित्ता गिरवतात.

सर्वप्रथम आपल्या प्लॅनचा संपूर्ण दस्तऐवज मागवावा. दोन-चार पानी सारांशावर विसंबू नये. दस्तऐवजातला ‘ड्युरेबल मेडिकल इक्विपमेंट’चा, म्हणजे टिकाऊ वैद्यकीय साधनांचा, भाग आणि वगळलेल्या गोष्टींची यादी, ही दोन्ही शब्दशः वाचावीत. प्लॅन ‘सेल्फ-फंडेड’ आहे का, हेही एचआरला विचारावे. मोठ्या कंपन्यांत बहुधा तसेच असते: विमा कंपनी फक्त कागद हाताळते आणि पैसे मालक देतो. त्यामुळे प्लॅनमधून हे उपकरण वगळले असेल, तर ती अट बदलण्याची विनंती थेट मालकाकडे करता येते.

खरी भिस्त असते ती स्पीच थेरपिस्टच्या मूल्यमापन अहवालावर. मुलाचे निदान, वाचेची, दृष्टीची, श्रवणाची आणि हातांची स्थिती, चित्रांच्या वहीसारखे साधे उपाय का अपुरे पडतात, कोणकोणती उपकरणे वापरून पाहिली आणि हेच का निवडले, उपचाराची उद्दिष्टे कोणती, हे सारे त्यात आले पाहिजे. अहवाल लिहिणाऱ्या थेरपिस्टचा उपकरण विकणाऱ्या कंपनीशी आर्थिक संबंध नसावा. चाचणीसाठी उपकरण उत्पादकाकडून किंवा राज्याच्या असिस्टिव्ह टेक्नॉलॉजी कार्यक्रमातून काही आठवड्यांसाठी उसने मिळू शकते.

त्या आठवड्यांत पालकांनी रोज वही ठेवावी, हे माझे कळकळीचे सांगणे आहे. ‘छान प्रगती आहे’ अशा वाक्याने काही सिद्ध होत नाही. त्याऐवजी ‘मंगळवारी संध्याकाळी त्याने ‘कान’ आणि ‘दुखतो’ ही चित्रे एकापाठोपाठ दाबली. बुधवारी डॉक्टरांना कानात संसर्ग आढळला’ अशी एक नोंद असेल, तर उपकरणाची वैद्यकीय गरज तपासनिसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. अहवालात केवळ शाळेचा उल्लेख असेल, तर ‘ही शाळेची जबाबदारी आहे’ असे उत्तर येण्याचा धोका असतो. म्हणून घर, दवाखाना आणि आणीबाणीचे प्रसंग आवर्जून लिहून घ्यावेत. घरात मराठी बोलली जाते, हेही थेरपिस्टला पहिल्याच भेटीत सांगावे. इंग्रजी न समजणारी आजी दिवसभर मुलाला सांभाळत असेल, तर ‘भूक लागली’, ‘पोटात दुखतंय’ ही वाक्ये घरातल्याच कोणाच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवण्याची सोय ही चैन नसून गरज आहे, आणि तसे अहवालात नोंदवलेले असावे.

अहवालासोबत डॉक्टरांचे प्रिस्क्रिप्शन जोडून पूर्वमंजुरीचा अर्ज जातो. तो बहुतेक वेळा पुरवठादार कंपनीच पाठवते. ती कंपनी आपल्या विम्याच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्यांच्या यादीत, आहे याची खात्री मात्र आपण करावी.

नकार आला तर खचू नये. आमच्या पहिल्या अर्जावर ‘सोयीची वस्तू’ असा शेरा मारलेला होता. नकाराचे कारण लेखी घ्यावे आणि निर्णयासाठी वापरलेले निकष व आपली संपूर्ण फाइल मागावी. नोकरीतून मिळालेल्या विम्यात ती विनामूल्य द्यावी लागते. अपिलासाठी सर्वसाधारणपणे १८० दिवस मिळतात. अपिलात नकाराच्या प्रत्येक मुद्द्याला त्याच क्रमाने उत्तर द्यावे, वहीतील नोंदी जोडाव्यात आणि आपल्या डॉक्टरांना विमा कंपनीच्या डॉक्टरांशी थेट बोलण्याची विनंती करावी. तेथेही नकार कायम राहिला आणि तो वैद्यकीय गरजेच्या मुद्द्यावर असला, तर बहुतेक प्लॅनमध्ये ४ महिन्यांच्या आत कंपनीबाहेरील स्वतंत्र तपासणी मागता येते, आणि तिचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो.

मंजुरी आल्यावर आपल्या वाट्याची रक्कम आणि दुरुस्तीची हमी लेखी विचारून घ्यावी. बदली उपकरण साधारणपणे ५ वर्षांनंतरच मिळते. त्यामुळे आज ३ वर्षांच्या मुलाला डझनभर चित्रे पुरत असली, तरी तो ८ वर्षांचा झाल्यावर लागणारा शब्दसाठा त्याच उपकरणात मावेल का, हे मागणी नोंदवण्यापूर्वी थेरपिस्टसोबत बसून पडताळावे.